नवा जुळवलेला संगणक सुरू होत नाही: पंखा जरासा फिरतो आणि सगळे थांबते

सेलूचा_स्टुडिओ

सर्वांना नमस्कार. परभणी जिल्ह्यातील सेलू येथे माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईतील अल्बम आणि व्हिडिओ संपादनाला जुना संगणक पुरेनासा झाला, म्हणून भाच्याच्या मदतीने नवा संगणक घरीच जुळवला आहे. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी-६५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड, डीडीआर-५ रॅमच्या १६ जीबीच्या २ पट्ट्या, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि ६५० वॅटचा मॉड्युलर एसएमपीएस (ज्याच्या केबल सुट्या काढता-जोडता येतात असा वीजपुरवठ्याचा डबा) असे सगळे सामान नवे आहे. जुन्या संगणकातून फक्त ४ टीबीची हार्ड डिस्क काढून यात बसवली आहे, कारण ग्राहकांचे मूळ फोटो तिच्यावर आहेत.

कॅबिनेटचे बटण दाबले की प्रोसेसरवरचा पंखा जेमतेम पाव फेरा घेतो, मदरबोर्डवरचे दिवे क्षणभर लुकलुकतात आणि सगळे थांबते. त्यानंतर बटण कितीही दाबले तरी काहीच होत नाही. एसएमपीएसचा मागचा स्विच बंद करून थोडा वेळ थांबले, की पुन्हा एकदाच तसे होते. आणखी एक गोष्ट सांगतो, तिचा संबंध आहे की नाही ते मला कळत नाही: कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लागला की बोटांना बारीक झिणझिण्या येतात. कोठून सुरुवात करावी, कृपया सांगावे.

संभाजीनगर_विद्यार्थी

दादा, माझ्या मते एसएमपीएसच सदोष आला आहे. वसतिगृहातील मित्राच्या संगणकाला अगदी हाच त्रास होता आणि एसएमपीएस बदलताच तो गेला. वॉरंटीची मुदत धावते आहे, तोवर तो परत पाठवून द्यावा. तत्पूर्वी रॅमच्या पट्ट्यांची जागा बदलून आणि मदरबोर्डवरची सीआर-२०३२ बॅटरी थोडा वेळ काढून पाहायला हरकत नाही.

नांदेड_दुरुस्ती

थोडे थांबा. आपण सांगितलेले एक लक्षण फार मोलाचे आहे आणि तेच धरून पुढे गेले, तर सुटे भाग उगाच परत पाठवावे लागणार नाहीत.

मागचा स्विच बंद करून थांबल्याशिवाय पुन्हा काहीच होत नाही, याचा अर्थ एसएमपीएसने स्वतःला बंद करून घेतले आहे. बटण दाबल्यावर मदरबोर्डने त्याला इशारा दिला, त्याने १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या वाहिन्या चालू केल्या, त्यांपैकी एखादीवर शॉर्ट किंवा मर्यादेबाहेरचा प्रवाह आढळला आणि आतील संरक्षक यंत्रणेने पुरवठा तोडला. यात एसएमपीएस बिघडलेला असू शकतो, परंतु बहुतेक वेळा तो आपले काम चोख करत असतो आणि दोष त्याच्या पुढे कोठेतरी असतो.

आता वेळेचा विचार करा. सगळे व्होल्टेज स्थिरावले, हे मदरबोर्डला कळवणारा ‘पॉवर गुड’ इशारा देण्यासाठी एसएमपीएस साधारण १०० ते ५०० मिलिसेकंद घेतो आणि तो मिळेपर्यंत प्रोसेसर एकही सूचना चालवत नाही. आपला संगणक त्या टप्प्याच्या आसपासच तुटतो आहे. म्हणून रॅमची अदलाबदल, बायोसचे (बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅमचे) अद्ययावतीकरण आणि बॅटरी काढणे हे उपाय आत्ता बाजूला ठेवा. ते उपाय चुकीचे नाहीत. पंखे सतत फिरत आहेत आणि डिस्प्ले तेवढा येत नाही, अशा तक्रारीला ते लागू पडतात. ‘सुरू होत नाही’ या एका वाक्यात या दोन निराळ्या तक्रारी एकत्र केल्या जातात आणि तेथेच अनेकांची दिशा चुकते.

संशयित पुढीलप्रमाणे आहेत. मायक्रो-एटीएक्स बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये बसवताना पितळेचा एखादा जादा स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारा खुंट) खाली राहून गेला असेल, तर तो बोर्डाच्या मागच्या टाक्यांना टेकतो. मागच्या पत्र्याची एखादी पाकळी वाकून यूएसबीच्या खाचेत शिरली असेल. प्रोसेसरच्या ४+४ पिनांच्या जागी ग्राफिक्स कार्डाची ६+२ पिनांची केबल जोर लावून बसवली असेल. त्या दोन्ही दिसायला सारख्या असल्या तरी त्यांत १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या जागा उलट असतात. किंवा जोडलेल्या भागांपैकी एखादाच शॉर्ट असेल.

वीज पूर्ण काढून मदरबोर्ड बाहेर घ्या आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. ज्या चकाकत्या पिशवीतून तो आला तिच्यावर ठेवू नका, कारण अशा काही पिशव्यांचा बाहेरचा थर विद्युतवाहक असतो. प्रोसेसर, त्याचा पंखा आणि प्रोसेसरकडून मोजल्यास दुसऱ्या खाचेत रॅमची एकच पट्टी, एवढेच ठेवा. २४ पिनांची मुख्य केबल आणि प्रोसेसरची केबल जोडा. समोरच्या बटणाच्या दोन पिना मदरबोर्डच्या पुस्तिकेत पाहून घ्या आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकमेकींना जोडा. ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क, कॅबिनेटचे पंखे, समोरचे यूएसबी यांपैकी काहीही जोडू नका. रायझन ५ ७६०० मध्ये जुजबी ग्राफिक्स असतेच, त्यामुळे मॉनिटर थेट बोर्डालाच जोडता येईल.

लातूर_आयटीआय

मी आयटीआयमध्ये वीजतंत्री अभ्यासक्रम शिकवतो. झिणझिण्यांविषयी लिहितो, कारण त्या बाजूला पडू नयेत असे मला मनापासून वाटते.

एसएमपीएसच्या आत गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून कॅबिनेटच्या पत्र्याकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग धडधाकट असेल तर त्यांतून येणारा अल्पसा प्रवाह जमिनीत निघून जातो. अर्थिंगच नसेल तर पत्रा २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहतो आणि हाताला झिणझिण्या येतात. आपला संगणक बंद पडण्याचे कारण हे नाही, परंतु आपल्या सॉकेटातील तिसरी पिन निकामी असल्याचा हा पुरावा आहे आणि घरातील दुसऱ्या एखाद्या उपकरणात खरोखरच गळती झाली, तर ती जिवावर बेतेल.

ओळखीच्या वायरमनकडून मल्टिमीटरने मोजून घ्या. फेज आणि न्यूट्रल यांच्यात सुमारे २३०, फेज आणि अर्थ यांच्यात जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात २-३ व्होल्टपेक्षा कमी आले पाहिजे. आपल्या मराठवाड्यातील काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. अर्थिंगच्या खड्ड्यातील प्लेटभोवतीची माती सुटते आणि पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग मे महिन्यात नावापुरते उरते. खड्ड्यात कोळसा आणि मीठ आहे का ते पाहावे आणि उन्हाळाभर त्यात नियमित पाणी घालावे. एक गोष्ट मात्र कोणी सुचवली तरी करू देऊ नका: सॉकेटाच्या आतच न्यूट्रलची तार अर्थच्या पिनला जोडून देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. कोठे न्यूट्रल तुटला तर त्या जोडणीमुळे संपूर्ण कॅबिनेट २३० व्होल्टवर येते.

सेलूचा_स्टुडिओ

लातूरच्या सरांचे आभार. वायरमनने तपासले तेव्हा स्टुडिओच्या बोर्डात अर्थची तार स्क्रूखालून निसटलेली निघाली. ती बसवल्यावर झिणझिण्या थांबल्या आणि मोजमापही सरांनी सांगितल्याप्रमाणे आले.

संगणकाचा दोष मात्र कायम होता, म्हणून नांदेडच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे मदरबोर्ड खोक्यावर काढला. जादा स्टँडऑफ नव्हता, मागचा पत्राही नीट होता आणि प्रोसेसरची केबल योग्यच होती. बटणाच्या पिना जोडताच पंखा फिरू लागला आणि फिरतच राहिला! पण मॉनिटर काळाच आहे आणि मदरबोर्डवर डीरॅम असे लिहिलेल्या जागी पिवळा दिवा जळतो आहे. भाचा म्हणतो की रॅम खराब आहे.

नांदेड_दुरुस्ती

भाच्याला सांगा, थोडा धीर धर. डीडीआर-५ रॅम असलेल्या या पिढीच्या बोर्डावर पहिल्यांदा वीज दिली की बोर्ड रॅमच्या प्रत्येक वाहिनीची वेळ जुळवून पाहतो. त्याला काही मिनिटे लागू शकतात आणि तेवढा वेळ पडदा काळा व डीरॅमचा दिवा चालू राहणे हे स्वाभाविक आहे. घाईने वीज काढली तर ते काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. संगणक चालू ठेवून चहा घेऊन या. पंधरा मिनिटांनंतरही काहीच झाले नाही, तर मग पट्टी काढून परत घट्ट बसवणे, दुसरी पट्टी लावून पाहणे आणि शेवटी प्रोसेसर उचलून सॉकेटातील एखादी पिन वाकली आहे का ते उजेडात तिरक्या नजरेने पाहणे, या क्रमाने जाऊ. एएम-५ सॉकेटच्या १७१८ पिना प्रोसेसरला नसून बोर्डाला असतात आणि त्या वाकलेल्या निघाल्या तर वॉरंटीत सहसा बसत नाहीत, म्हणून तेथे विनाकारण हात न घातलेला बरा.

सेलूचा_स्टुडिओ

डिस्प्ले आला! बायोसचा पडदा दिसला, एक पट्टी १६ जीबी दाखवते आहे. दुसरी पट्टी एका खाचेचे अंतर सोडून चौथ्या खाचेत बसवली, तेव्हा पुन्हा थोडा वेळ काळा पडदा आणि मग ३२ जीबी. मग बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवला, तरी चालला. एसएसडी लावली, चालला. ग्राफिक्स कार्ड लावले, चालला. प्रत्येक वेळी वीज काढून एकच वस्तू जोडली. शेवटी हार्ड डिस्क जोडली आणि पुन्हा तोच प्रकार: पंख्याचा पाव फेरा आणि सगळे बंद. डिस्क काढताच संगणक सुरू होतो.

जुन्या संगणकात ही डिस्क आदल्या रात्रीपर्यंत उत्तम चालत होती. तिच्यावर ग्राहकांच्या लग्नाचे मूळ फोटो आहेत आणि त्यांतील बऱ्याच फोटोंची दुसरी प्रत नाही. डिस्क पुन्हा जुन्या संगणकाला लावून पाहू का?

अंबाजोगाईची_अध्यापिका

नका लावू. कोठेही लावू नका. आधी एका प्रश्नाचे उत्तर द्या: डिस्कला वीज देणारी केबल नव्या एसएमपीएसच्या खोक्यातून निघालेली आहे, की जुन्या संगणकातली? शक्य असल्यास तिचा फोटो टाका.

सेलूचा_स्टुडिओ

नव्या खोक्यातील केबल डिस्कच्या कप्प्यापर्यंत पोचत नव्हती, म्हणून जुन्या एसएमपीएसची लांब केबल वापरली आहे. तोही मॉड्युलरच होता आणि केबल नव्या एसएमपीएसमध्ये अगदी बरोबर बसली. फोटो जोडला आहे: नव्या केबल पूर्ण काळ्या आणि चपट्या आहेत, ही मात्र पिवळ्या, लाल आणि काळ्या तारांची आहे.

अंबाजोगाईची_अध्यापिका

घोडे येथेच पेंड खाते आहे. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि हा प्रकार विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतही पाहिला आहे.

केबलचे जे टोक डिस्कमध्ये जाते त्याची रचना प्रमाणित आहे. १५ पिनांपैकी पहिल्या ३ पिना ३.३ व्होल्टच्या, ७ ते ९ या ५ व्होल्टच्या आणि १३ ते १५ या १२ व्होल्टच्या असतात, मध्ये ग्राउंड. साटा (डिस्क जोडण्याची प्रमाणित पद्धत) असलेली कोणतीही डिस्क घ्या, ५ आणि १२ व्होल्टच्या पिनांच्या जागा बदलत नाहीत. परंतु जे टोक एसएमपीएसमध्ये जाते त्याला असे कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. प्रत्येक उत्पादक तेथे आपापल्या सोयीने तारा लावतो, आणि एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही त्या निराळ्या असू शकतात. प्लास्टिकचा आकार सारखा असल्यामुळे केबल बसते, परंतु जेथे ५ व्होल्ट जायला हवेत तेथे १२ व्होल्ट जाऊ शकतात. दुसऱ्या कुलपात गेली म्हणून किल्ली त्याच कुलपाची ठरत नाही, तसेच हे आहे.

आता डिस्कचे काय झाले असावे ते सांगते. डिस्कच्या खालच्या हिरव्या पाटीवर (सर्किट बोर्डावर), वीज येते त्या कनेक्टरजवळ, सहसा दोन पायांचे दोन छोटे काळे चौकोनी भाग असतात: एक ५ व्होल्टच्या वाहिनीसाठी आणि एक १२ व्होल्टच्या. त्यांना टीव्हीएस डायोड म्हणतात. व्होल्टेज मर्यादेपलीकडे गेले की ते स्वतः शॉर्ट होऊन वाढीव वीज ग्राउंडकडे वळवतात. फार ताण आला तर ते कायमचे शॉर्ट होतात, आणि मग डिस्क जेथे जोडाल तेथील एसएमपीएस बंद पडतो. आपल्या संगणकाचे लक्षण याच्याशी तंतोतंत जुळते.

डिस्क हातात घेऊन, कोठेही न जोडता, मल्टिमीटर रोधाच्या मापावर ठेवा आणि ७ ते ९ यांपैकी एका पिनेपासून ४ ते ६ यांपैकी एका पिनेपर्यंत मोजा. आकडा शून्याच्या आसपास स्थिर राहिला, तर ५ व्होल्टचा डायोड गेला आहे. १३ ते १५ आणि १० किंवा १२ यांच्यातही मोजून ठेवा. पिना बारीक आहेत, त्यामुळे टोकाला शिवणाची सुई बांधून घेतली तर नीट मोजता येईल.

सेलूचा_स्टुडिओ

मोजले. ५ व्होल्टच्या बाजूला ०.४ ओहम येते आणि हलत नाही. १२ व्होल्टच्या बाजूला आकडा वाढत वाढत बराच मोठा होतो. ताई, फोटो गेले का?

अंबाजोगाईची_अध्यापिका

तसे मानायचे कारण नाही. डायोडने स्वतः शॉर्ट होऊन बाकीची पाटी वाचवली असण्याची शक्यता चांगली आहे, आणि फोटो ज्या चकत्यांवर आहेत त्यांना या विजेचा थेट स्पर्श होत नाही. १२ व्होल्टची वाहिनी शाबूत दिसते हेही बरे लक्षण आहे.

इंटरनेटवर तो डायोड पक्कडीने तोडून डिस्क चालू करण्याच्या चित्रफिती भरपूर आहेत. तंत्र म्हणून ते खोटे नाही. डेटा परत मिळवून देणारे लोकही डायोड काढतातच. परंतु एकुलती एक प्रत असलेल्या डिस्कवर ते घरी करून पाहू नये असे माझे ठाम मत आहे. पाटीवरचा दुसरा एखादा भागही जळाला असेल, तर संरक्षण काढून दिलेली वीज पुढे चकत्यांवर तरंगत माहिती वाचणाऱ्या हेडच्या प्रवर्धकापर्यंत पोचू शकते आणि मग खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

संभाजीनगर_विद्यार्थी

मॅडम, त्याच मॉडेलची जुनी डिस्क विकत घेऊन तिची पाटी या डिस्कला लावली तर?

अंबाजोगाईची_अध्यापिका

पूर्वीच्या डिस्कांत ते कधी कधी जमत असे. आताच्या डिस्कांच्या पाटीवर एका छोट्या चिपमध्ये त्याच डिस्कच्या हेडची आणि चकत्यांची खास मोजमापे साठवलेली असतात. पाटी बदलायची तर ती माहितीही जुन्या पाटीवरून नव्या पाटीवर न्यावी लागते. नुसती पाटी बदलली तर डिस्क फिरते, पण ओळखली जात नाही, किंवा खडखडते.

नांदेड_दुरुस्ती

ताईंच्या म्हणण्याला माझा पूर्ण दुजोरा आहे. दादा, पुणे किंवा हैदराबाद येथे हे काम करणारे अनुभवी लोक आहेत. सेलू रेल्वेमार्गावर आहे, तेव्हा कुरिअरपेक्षा डिस्क स्वतः जवळ बाळगून नेणे मला अधिक सुरक्षित वाटते. डिस्क स्थिर वीज रोखणाऱ्या पिशवीत ठेवा, बाहेरून फोमचा जाड थर द्या, आणि काय घडले ते कागदावर स्पष्ट लिहून सोबत द्या: दुसऱ्या एसएमपीएसची केबल लागली, ५ व्होल्टच्या वाहिनीवर ०.४ ओहम आहे, त्यानंतर डिस्क कोठेही चालू केलेली नाही. एवढ्या तीन ओळींनी त्यांचा शोधाचा वेळ वाचतो. काम देण्यापूर्वी तपासणीचा आणि पूर्ण कामाचा खर्च वेगवेगळा लेखी मागून घ्या.

संगणकाचे बाकी काम तोवर थांबवायचे कारण नाही. विंडोज एसएसडीवर टाका. रॅमचा जाहीर केलेला वेग मिळवण्यासाठी बायोसमध्ये एक्स्पो (रॅमच्या जाहीर वेगाची तयार मांडणी) चालू करावे लागेल. तेव्हा पडदा पुन्हा थोडा वेळ काळा राहील, घाबरू नका.

सेलूचा_स्टुडिओ

डिस्क हैदराबादला स्वतः नेऊन दिली. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ५ व्होल्टचाच डायोड गेल्याचे सांगितले. तो काढून, मर्यादित प्रवाह देणाऱ्या पुरवठ्यावर डिस्क चालवली तेव्हा ती ओळखली गेली आणि आता तिची पूर्ण प्रत नव्या डिस्कवर उतरवली जात आहे. फोल्डरांची यादी त्यांनी पाठवली. लग्नांची सर्व नावे त्यात आहेत. नांदेडचे दादा, अंबाजोगाईच्या ताई आणि लातूरचे सर, आपण तिघांनी एवढ्या तपशिलाने लिहिले नसते, तर मी एसएमपीएस परत पाठवून नव्या एसएमपीएसलाही तीच केबल लावली असती.

शेवटचे एक विचारतो. डिस्कच्या कप्प्यापर्यंत नवी केबल पोचत नाही, हा प्रश्न तसाच आहे. आणि जुन्या केबलचे काय करावे?

नांदेड_दुरुस्ती

साटा विजेची एक्स्टेन्शन केबल मिळते, तिची दोन्ही टोके प्रमाणित १५ पिनांचीच असतात. ती नव्या एसएमपीएसच्या स्वतःच्या केबलला पुढे जोडा. टोक सुट्या तारा दाबून बसवलेले असेल अशी घ्या, प्लास्टिक वितळवून बंद केलेली घेऊ नका, कारण त्यांत तारा आतून सरकून शॉर्ट झाल्याची उदाहरणे आहेत. किंवा डिस्कचा कप्पाच खालच्या जागी हलवता येतो का ते पाहा. बऱ्याच कॅबिनेटमध्ये तो चार स्क्रूंवर असतो.

जुन्या केबल जुन्या एसएमपीएसलाच दोऱ्याने बांधून ठेवा आणि त्याच्यावर कंपनी, मालिका आणि वॅट लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. तो एसएमपीएस विकलात किंवा कोणाला दिलात, तर केबलसकट द्या. नव्या संगणकाच्या खोक्यात उरलेल्या केबलही वेगळ्या पिशवीत घालून तिच्यावर याच एसएमपीएसचे नाव लिहा, कारण पुढे दुसरे ग्राफिक्स कार्ड घ्याल तेव्हा त्यांतलीच एखादी लागेल.